धानाच्या मुलुखांतील वादसभा

महाराष्ट्राच्या अगदीं पूर्व टोंकास असलेला गोंदिया जिल्हा पाहण्यासाठीं मुद्दाम वाट वाकडी करून जाणारे प्रवासी थोडे. जे जातात ते बहुधा नागझिऱ्याचें अरण्य किंवा नवेगांव-बांधचा विस्तीर्ण तलाव पाहून परत फिरतात. ज्यांस तेवढीहि सवड नसते त्यांस मुंबई-हावडा लोहमार्गावरील एक मोठें जंक्शन एवढीच त्या नांवाची ओळख असते. भंडारा जिल्ह्यापासून १ मे १९९९ रोजीं वेगळा झालेला हा आठ तालुक्यांचा जिल्हा. धान, तलाव आणि जंगल ही त्याची संपत्ति. या तिहींविषयीं आजवर पुष्कळांनीं लिहिलें आहे. आम्हांस आज वाचकांपुढें ठेवावयाची आहे ती तेथील चौथी संपत्ति, म्हणजे तेथील माणसांची वाद करण्याची हौस. हा वाद कचेरींतला नव्हे, निवडणुकींतलाहि नव्हे. कबड्डीच्या मैदानाच्या कडेस मांडी घालून बसलेल्या प्रेक्षकांचा.

गोंदियाहून दक्षिणेस बल्लारशाकडे जाणाऱ्या आगगाडीनें पौषांतील एका रविवारीं सकाळीं आम्ही निघालों. हा मार्ग पूर्वीं अरुंद रुळांचा होता. आतां रूळ रुंद झाले आहेत, परंतु उतारूंचा निवांतपणा कांहीं बदललेला नाहीं. दोन्ही बाजूंस धान कापून मोकळ्या झालेल्या बांध्या, कोठें मळणीची वाट पाहणारे पुंजणे, कोठें तणसाचे ढीग, आणि थोड्या थोड्या अंतरावर एखादी बोडी किंवा तलाव. पावसाचें पाणी अडवून धान पिकविण्याची ही विद्या येथील कोहळी समाजानें जोपासली; नवेगांव-बांधचा तलावहि कोलू पाटील कोहळी यांनीं बांधविला अशी परंपरा आहे. महाराष्ट्रांत अन्यत्र दुर्मिळ झालेला सारस पक्षी याच जिल्ह्याच्या पाणथळ शेतांतून अजून जोडीजोडीनें वावरतो.

धान घरीं आलें कीं या झाडीपट्टींत करमणुकीचे दिवस सुरू होतात. दिवाळींतील भाऊबीजेपासून गांवोगांव मंडया भरूं लागतात. मंडई म्हणजे केवळ बाजार नव्हे. ती सासुरवाशिणींची माहेरभेट, सोयऱ्यांची गांठभेट आणि दंडारीचा खेळ. त्यापुढें रात्रभर चालणारीं नाटकें येतात आणि बैलांच्या जोड्यांचे शंकरपट येतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ सालच्या निर्णयानें बंद पडलेले हे पट डिसेंबर २०२१ मध्यें अटींसह पुन्हां खुले झाले, आणि मे २०२३ मध्यें घटनापीठानेंहि त्यांस मान्यता दिली. या सर्वांच्या जोडीस असते ती कबड्डी. तिला बैल नको, पडदा नको, पेटी नको. चार दोऱ्या, थोडी फक्की आणि चौदा गडी मिळाले कीं झालें.

आमच्या पिढीनें ज्यास हुतूतू म्हटलें तोच हा खेळ. पुण्यास व बडोद्यास विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थांशांत त्याच्या नियमांची घडी बसली. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानें १९३६ सालीं बर्लिन येथील ऑलिंपिकच्या वेळीं तो परदेशी लोकांस खेळून दाखविला. १९९० सालीं बीजिंगच्या आशियाई स्पर्धेंत त्यास स्थान मिळालें. आमच्या घरांतील ज्या भगिनींस हा खेळ केवळ धांगडधिंगा वाटतो त्यांच्याकरितां दोन शब्द सांगणें अवश्य आहे. पुरुषांचें मैदान १३ मीटर लांब व १० मीटर रुंद असतें. मधोमध मध्यरेषा, तिच्यापासून पावणेचार मीटरांवर निदानरेषा, आणि त्यापुढें एक मीटरावर बोनसरेषा. दोन्ही लांब कडांस एकेक मीटरची पट्टी असते, तिला राखीव क्षेत्र म्हणतात. झटापट सुरू झाल्यावांचून त्या पट्टींत पाऊल टाकणारा बाद होतो. एकदां अंगाला अंग लागलें कीं तीच पट्टी मैदानाचा भाग होते. चढाई करणारा एकटा, समोर सात. दम न सोडतां त्यानें गडी शिवून मध्यरेषेस परतावयाचें. न्याय करण्यास एक सरपंच, दोन पंच, एक गुणलेखक आणि दोन साहाय्यक गुणलेखक. सहा माणसांचें हें न्यायालय भर उन्हांत उभें असतें, आणि त्याच्या निकालावर अपील ऐकण्यास भोंवतीं सगळा गांव बसलेला असतो.

आमचे एक जुने विद्यार्थी अर्जुनी-मोरगांवच्या बाजूस शिक्षक आहेत. त्यांच्या शेजारच्या गांवीं त्या दिवशीं अंतिम सामना होता, म्हणून त्यांनीं आम्हांस नेलें. सामना सुरू होण्यास तासभर अवकाश होता, पण वादास मुहूर्त लागत नाहीं. आमच्या शेजारीं एक निवृत्त टपालवाले बसले होते. ते ठासून म्हणाले, “कबड्डी म्हंजे डोकं जी गुरुजी, डोकं! अनुपकुमार पायला होता का तुमी? मुलूखभर धावत नसे. उभा राहे, हसे, अन् बोनस घेऊन वापस येई.” त्यावर मागून एक तरुण म्हणाला, “डोक्यानं पैले दोन गुण येते काका, बाकीचे पायानंच येते. पवन सेहरावतले पाय. उडी मारते त् चार जणायच्या वरून जाते.” तिसऱ्यानें प्रदीप नरवालची डुबकी पुढें केली. पकडीची साखळी आवळत आली असतां तिच्या खालून वांकून निसटण्याची ती कला अभ्यासानें येते कीं उपजत असते, यावर एक पोटवाद सुरू झाला.

हें ऐकतांना आम्हांस एक मौज वाटली. एके काळीं आपल्या घरांतील पंगतींतून बालगंधर्व श्रेष्ठ कीं केशवराव भोसले श्रेष्ठ, यावर आमटी निवेपर्यंत वाद चालत. एकाचा पक्ष गोडव्याचा, दुसऱ्याचा तडफेचा. झाडीपट्टींतील या मंडळींचा वादहि मुळांत तोच होता. आपल्यास जो गुण मोठा वाटतो त्याचें मूर्तिमंत रूप म्हणजे आपला आवडता गडी. टपालवाल्यांनीं आयुष्यभर उन्हांत बेतानें पावलें टाकलीं. त्यांस अनुपकुमारचा संथपणा भावावा यांत नवल नाहीं.

सामना उत्तम झाला. यजमान गांवाचा चढाईचा मुख्य गडी वीस-एकवीस वर्षांचा, अंगानें सडपातळ, पण वळण्यांत वीज. शेवटचीं चार मिनिटें उरलीं असतां दोन्ही बाजूंस २६ गुण होते. तो चढाईस गेला, उजव्या कोपऱ्याच्या गड्यास पायाच्या बोटानें शिवला आणि वळला. तोंच डाव्या कोपऱ्यानें त्याचा घोटा धरला व मधल्या गड्यानें कंबर. तिघेहि धुळींत कोसळले. त्या ढिगांतून एक हात लांब होतांना दिसला, आणि सरपंचांची शिटी वाजली. हात दम असतांना मध्यरेषेस लागला असेल तर इकडे तीन गुण, नाहीं तर तिकडे एक. सरपंचांनीं दोन्ही पंचांस विचारलें. एकानें दम गेल्याचें सांगितलें; दुसऱ्याच्या दृष्टीआड सारें घडलें होतें. निकाल झाला: गडी बाद. मैदानाच्या एका कडेवरून आनंदाचा व दुसऱ्या कडेवरून संतापाचा असा एकाच वेळीं गजर उठला.

गडी मात्र उठत नव्हता. ढिगाखालीं त्याचा गुडघा पिळवटला होता. दोघांनीं त्यास उचलून बाजूस बसविलें. पुढच्याच चढाईंत त्याच्या संघानें एक गुण मिळविला, आणि नियमाप्रमाणें तो जिवंत झाला. “पट्टी बांधा अन् उतरवा!” असा ओरडा झाला. तेव्हां संघाबरोबर आलेले एक वयस्क गृहस्थ पुढें झाले. ते स्वतः एके काळचे नांवाजलेले पकडपटू. डाव्या हाताचीं दोन बोटें वांकडीं, चालींत किंचित् लंगडेपणा. त्यांनीं त्या मुलाच्या खांद्यावर हात दाबून त्यास बसविलें, सरपंचांकडे विश्रांतीचा वेळ मागितला, आणि राखीव गडी आंत पाठविला. सामना २७ विरुद्ध २८ असा एका गुणानें हातचा गेला.

खरी सभा भरली ती दिवस मावळल्यावर, चहाच्या टपरीपुढील शेकोटीभोंवतीं. गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत: तत्त्व समजावें म्हणून होतो तो वाद, जिंकावें म्हणून होतो तो जल्प, आणि स्वतःचा पक्ष न मांडतां दुसऱ्याचा केवळ खोडून काढावयाचा ती वितंडा. हे तीनहि प्रकार एका तासांत, तेहि संस्कृताचा गंध नसलेल्या माणसांच्या तोंडून, आम्ही त्या शेकोटीपाशीं ऐकले. “सरपंच तिकडच्या गांवाचा जावई हाय” असें एकानें म्हटलें. ही शुद्ध वितंडा, आणि ती इतरांनींच हाणून पाडली. “आमचा गडी आजपर्यंत असा कधीं सांपडला नाईं, म्हून आजबी सांपडला नसन” हा जल्प. परंतु मग टपालवाले बोलले आणि सभेस वादाचें रूप आलें.

ते म्हणाले, “त्याच्या बोटायले फक्की लागली होती. मी जवळून पायलं.” हें अनुमान झालें: जेथें धूर तेथें अग्नि, तसें जेथें फक्की तेथें रेषेचा स्पर्श. क्षणभर सर्वांस तें पटलें. तोंच मघाचा पवनभक्त तरुण म्हणाला, “काका, फक्की त् निदानरेषेलेबी हाय, बोनसलेबी हाय. जातांना हात टेकला असन. अन् रेषेले लागला तरी दम होता का नाईं हें फक्की कशी सांगन?” आम्ही मनांत त्यास शाबासकी दिली. जो हेतु साध्याबरोबरहि राहतो आणि साध्यावांचूनहि राहतो त्यास आमचे शास्त्रकार सव्यभिचार हेतु म्हणतात. त्या तरुणानें तो दोष नांव न घेतां बिनचूक दाखविला होता. प्रत्यक्षाची तर गोष्टच नको. मैदानाच्या चारी कडांवरून चार प्रत्यक्षें दिसलीं होतीं, आणि प्रत्येक प्रत्यक्ष पाहणाऱ्याच्या गांवाशीं इमान राखून होतें.

शेवटीं शब्दप्रमाण उरलें. तो मुलगा भिंतीस टेकून, गुडघ्यावर बर्फाची पिशवी धरून बसला होता. त्यास कोणीतरी विचारलें. तो खालीं पाहून म्हणाला, “हात लागला होता. पण दम आधींच गेला होता. मलेच ऐकूं आलं.” सभा एकदम निःशब्द झाली. ज्याचें हित एका बाजूस आणि ज्याचें बोलणें दुसऱ्या बाजूस, त्याच्याहून मोठा आप्त कोण? तरीहि लगेच एक आवाज आलाच, “दुखण्यांत त्याले काय समजते!” श्रोतेहो, वाद संपावा असें वाटणारा माणूस निराळा आणि चालूं राहावा असें वाटणारा निराळा, शेकोटीस दोघांचीहि गरज असते.

त्या वेळीं सरपंच स्वतःच तेथें चहास आले. ते शेजारच्या शाळेंतले शिक्षक. त्यांस कोणी टोंचून विचारलें कीं, पडद्यावर पुन्हां पाहण्याची सोय असती तर तुमचा निकाल टिकला असता काय? त्यांनीं शांतपणें ७ ऑक्टोबर २०२३ ची आठवण दिली. चीनमधील हांगझोऊ येथें आशियाई स्पर्धेचा पुरुषांचा अंतिम सामना, भारत विरुद्ध इराण, दोन्हीकडे २८ गुण आणि अवघा दीडेक मिनिटाचा खेळ उरलेला. कर्णधार पवन सेहरावत निर्णायक चढाईस गेला, आणि कोणासहि न शिवतां राखीव क्षेत्रांत उतरला. त्याच्यामागोमाग इराणचे गडीहि त्या पट्टींत गेले. जुना नियम धरला तर पट्टींत गेलेले सारेच बाद. नवा धरला तर चढाई करणारा एकटा बाद. निकाल एकदां इकडे, एकदां तिकडे झुकला; खेळ सुमारें तासभर थांबला. अखेर भारतास तीन व इराणास एक असे गुण मिळाले, आणि भारतानें सामना ३३ विरुद्ध २९ असा जिंकला. “तेथें यंत्रें होतीं, जगांतले जाणकार पंच होते,” सरपंच म्हणाले, “पण वाद डोळ्यांचा नव्हता, नियम कोणता धरावा याचा होता. माझा वाद तर नुसत्या कानांचा. जें ऐकलें तें सांगितलें. उद्यां मला याच गांवाच्या पोरांस शिकवावयाचें आहे.” या शेवटच्या वाक्यावर कोणी उत्तर दिलें नाहीं.

आम्हांस मात्र याहून कितीतरी जुना एक निकाल आठवला. महाभारताच्या शल्यपर्वांत भीम व दुर्योधन यांचें गदायुद्ध आहे. नाभीखालीं प्रहार करूं नये हा त्या युद्धाचा नियम. भीमानें मांडीवर गदा घातली. दोघांसहि गदाविद्या शिकविणारा बलराम तेथें उभा होता. त्यानें तो अधर्म ठरविला आणि नांगर उगारून तो भीमावर धांवला. श्रीकृष्णानें त्यास आंवरलें, भीमाच्या प्रतिज्ञेची व दुर्योधनाच्या पापांची आठवण दिली. तरी बलरामाचें समाधान झालें नाहीं आणि तो रथांत बसून द्वारकेस निघून गेला. आमच्या घरांतून आजहि कोणी बलरामाचा पक्ष घेतो, कोणी श्रीकृष्णाचा. व्यासांनीं तो वाद मिटवून टाकला नाहीं, हें त्यांचें थोरपण. सामना संपतो, पण न्याय म्हणजे नियम कीं नियमापलीकडचें कांहीं, हा प्रश्न संपत नाहीं.

शेकोटीवरील शेवटचा वाद दुखापतीचा. त्या वयस्क पकडपटूंनीं मुलास बसविलें नसतें तर करंडक घरीं आला असता, असें कित्येकांस मनापासून वाटत होतें. “दोन मिनिटांचा तर प्रश्न होता!” असें एकजण म्हणाला. येथेंहि पवन सेहरावतचेंच उदाहरण निघालें, आणि तें दोन्ही पक्षांनीं वापरलें. ऑक्टोबर २०२२ मध्यें व्यावसायिक लीगच्या पहिल्याच सामन्यांत त्याचा गुडघा दुखावला. त्या वर्षीं त्यास सर्वांत अधिक, म्हणजे २ कोटि २६ लक्ष रुपयांची बोली लागली होती. परंतु संबंध हंगाम तो बाहेर बसला. आणि बरोबर एका वर्षानें त्यानेंच हांगझोऊस संघाचें नेतृत्व करून सुवर्णपदक आणलें. एक पक्ष म्हणे, पाहा, गुडघ्यानें माणूस संपत नाहीं; दुसरा म्हणे, पाहा, बसला म्हणूनच उठला. परंतु पवनच्या पाठीशीं वैद्य होते, व्यायामतज्ज्ञ होते, वर्षभर बसून खाण्याची ऐपत होती. या मुलाच्या पाठीशीं दोन एकर धान आणि पुढल्या पोलीसभरतीची आशा. त्या भरतींत मुलांस सोळाशें मीटर धांवावें लागतें. आणि खेळाडूंसाठीं सरकारी नोकरींत जे शेंकडा पांच राखीव आहेत, त्यांच्या पायरीपर्यंत पोंचावयाचें तेंहि याच पायांनीं. गांवास जो दोन मिनिटांचा प्रश्न वाटला तो त्याच्या घरास तीस वर्षांचा होता.

हा हिशेब त्या वयस्कांनीं मांडला नाहीं. ते फक्त आपला लंगडा पाय शेकत बसले होते. मांडला तो त्या मुलाच्या आजीनें. लुगड्याचा पदर सांवरीत ती त्यास न्यावयास आली होती. करंडकाचें बोलणें तिनें थोडा वेळ ऐकून घेतलें आणि म्हणाली, “कप तुमच्या कपाटांत राहीन बाबा. पाय त्याच्या आंगाले राहीन.” एवढें बोलून तिनें नातवाच्या बगलेंत हात घातला. टपालवाले उठले व त्यांनीं दुसरी बगल धरली. पवनभक्त तरुणानें आपली मोटारसायकल आणली.

आम्ही या प्रवासांत तलाव पाहिले, सारसांच्या गोष्टी ऐकल्या, नव्या तांदळाचा भात जेवलों. तें सर्व उत्तमच होतें. परंतु वाचकांपैकीं कोणी हिवाळ्यांत त्या बाजूस गेले तर त्यांनीं एखादी संध्याकाळ मैदानाच्या कडेसहि घालवावी, आणि घरच्या मुलींसहि बरोबर न्यावें. हांगझोऊस पुरुषांच्याच दिवशीं भारतीय मुलींनीं चिनी तैपेईस २६ विरुद्ध २५ असें एका गुणानें हरवून सुवर्ण मिळविलें, हें त्यांस तेथें सांगण्याजोगें आहे.

एकत्र कुटुंबांत राहणाऱ्यांस तर त्या वादसभेंत शिकण्यासारखें पुष्कळ आहे. आपल्या घरांतहि रोज कोणाचा ना कोणाचा हात रेषेस लागला कीं नाहीं यावर तंटे होतात. तेथें प्रत्येकाचें प्रत्यक्ष आपापल्या कडेवरचें असतें, आणि बोटांस लागलेली फक्की कोणत्या रेषेची हें कोणी विचारीत नाहीं. निकाल देणाऱ्या वडील माणसास दुसऱ्या दिवशीं त्याच मुलाबाळांत वावरावयाचें असतें. अशा वेळीं मोठ्यानें बोलणारा पुष्कळदां जिंकतो. परंतु आपल्या विरुद्ध जाणारें खरें सांगणारा एखादा आणि कोणाचा तरी गुडघा सांभाळणारी एखादी आजी घरांत असली, म्हणजे एका गुणानें हरलेलें घरहि मोडत नाहीं.